धुरजड फाल्कन, उलाळ कॉर्वेअर

आमच्या आजोबांकडे बैलगाडी होती. कांद्याची पोती भरून झाली की बैल जुंपायच्या आधी ते एक गोष्ट न चुकता करायचे. जू दोन्ही हातांनी धरून जरासं उचलून बघायचे. अलगद वर आलं तर गाडी ‘उलाळ’, म्हणजे ओझं मागं जास्त झालं. उचलताना कमरेत कळ आली तर ‘धुरजड’, म्हणजे ओझं पुढं, बैलांच्या मानेवर. धुरजड गाडीत बैल दमतात. उलाळ गाडी मात्र चढाला लागली की मागं बसू बघते आणि जू वर उचलून बैलांचे गळे आवळते. म्हणून एखादं पोतं पुढं सरकवून गाडी किंचित धुरजडच ठेवायची, असा त्यांचा शिरस्ता.

१९५९ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात अमेरिकेच्या बाजारात दोन गाड्या अगदी मागेपुढे उतरल्या. फोर्डची फाल्कन आणि शेवरोलेची कॉर्वेअर. एक धुरजड, दुसरी उलाळ. लांबी साधारण सारखी, किंमत सारखी, दोघींना सहा सिलिंडरचं इंजिन, दोघींचं गिऱ्हाईकही तेच. तरी पुढच्या दहा वर्षांत एकीच्या सांगाड्यावर अमेरिकेची सगळ्यात लाडकी गाडी उभी राहिली आणि दुसरीवरून शंभराच्या आसपास दावे कोर्टात गेले. असं का झालं हे समजायला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. ज्याने भरलेली बैलगाडी नुसती पाहिली आहे त्याला यातलं निम्मं आधीच ठाऊक आहे.

पण आधी या गाड्या आल्या कशाला ते सांगतो. पन्नाशीच्या दशकातली अमेरिकन गाडी म्हणजे चाकांवरची बोट. १९५९ ची शेवरोले इम्पाला जवळपास साडेसतरा फूट लांब होती आणि तिच्या मागच्या बाजूला वटवाघळासारखे पसरलेले पंख होते. १९५८ मध्ये मंदी आली, लोकांनी खिसे चाचपले, आणि जर्मनीहून आलेली फोक्सवॅगन बीटल दारोदार दिसू लागली. १९५९ मध्ये अमेरिकेत विकलेल्या दर दहा गाड्यांमागे एक परदेशी होती. मोटार कंपन्यांचं गाव असलेल्या डेट्रॉइटच्या साहेबांना यावर हसावं की रडावं कळेना. शेवटी तिन्ही मोठ्या कंपन्यांनी १९६० सालासाठी पंधरा फुटांच्या आसपासची ‘छोटी’ गाडी काढली. तिसरी क्रायस्लरची व्हॅलियंट. ती गाडी चांगली होती, पण आज तिला बाजूला ठेवतो.

आपल्याकडे या दोघी फारशा पोचल्याच नाहीत. शेवरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्स १९२८ पासून शिवडीला गाड्या जोडत असे, पण १९५४ मध्ये तिने तो कारखाना बंद केला. त्यामुळे ‘जुनी अमेरिकन गाडी’ म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे येतात त्या आधीच्या गाड्या: लांबलचक शेवरोले, कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये तयार झालेल्या डॉज आणि प्लिमथ.

फाल्कनमागे होता रॉबर्ट मॅकनमारा. हो, तोच, जो पुढे १९६१ मध्ये केनेडींचा संरक्षणमंत्री झाला आणि व्हिएतनामशी ज्याचं नाव कायमचं चिकटलं. तेव्हा तो फोर्डमध्ये होता आणि आकड्यांचा माणूस म्हणून ओळखला जायचा. वजन किती, पेट्रोल किती, दुरुस्तीला खर्च किती, एवढंच विचारायचा. त्याची गाडी तशीच निघाली. इंजिन पुढं, पाण्याने थंड होणारं, १४४ घन इंचांचं, म्हणजे सुमारे २.४ लिटर, ताकद ९० अश्वशक्ती. मधून इंजिनाची ताकद नेणारा दांडा मागं जातो आणि मागची दोन्ही चाकं एका अखंड आसावर, आसाखाली स्प्रिंगचे पाटे. आपल्या अँबॅसडरच्या आणि फियाटच्या मागं होते तेच पाटे. कुठल्याही गावातल्या मिस्त्रीने बॉनेट उघडलं तर त्याला कोडं पडायचं नाही. फाल्कनबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं खरंच नाही, आणि हाच तिचा गुण.

कॉर्वेअरमागे होता एड कोल. हा मुळात इंजिनवाला. १९५५ चं शेवरोलेचं गाजलेलं आठ सिलिंडरचं इंजिन त्याच्याच हाताखाली झालं. त्याला बीटलला नुसतं उत्तर द्यायचं नव्हतं, बीटलचीच युक्ती अमेरिकन मापात करून दाखवायची होती. म्हणून इंजिन मागं, डिकी पुढं. इंजिन ॲल्युमिनियमचं, सपाट, तीन सिलिंडर डावीकडे आणि तीन उजवीकडे आडवे झोपलेले. आकार १४० घन इंच, ताकद ८० अश्वशक्ती. पाणी नाही, रेडिएटर नाही. मोटरसायकलच्या सिलिंडरवर असतात तशा पातळ कडा आणि त्यांच्यावर वारा मारणारा एक मोठा पंखा. जिथे हिवाळ्यात रेडिएटरचं पाणी गोठून इंजिन फुटायची भीती, तिथे ‘पाणीच नाही’ ही केवढी सोय! मागच्या चाकांवर वजन असल्याने बर्फात पकड चांगली. मधून दांडा जात नाही म्हणून पायाखाली उंचवटा नाही, मागं तिघं ऐसपैस बसतात. पुढं वजन नाही म्हणून स्टीअरिंग एका हाताने फिरतं. ऑक्टोबर १९५९ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर कोल आणि त्याची गाडी झळकली.

या गाडीची गंमत म्हणून सांगतो, तिचा पंखा फिरवणारा पट्टा. इंजिनाची कप्पी उभी, पंखा मात्र इंजिनाच्या डोक्यावर आडवा. मग पट्टा खालून वर येतो, दोन छोट्या कप्प्यांवरून काटकोनात वळतो, पंख्याभोवती फिरतो आणि पुन्हा वळून खाली जातो. पिठाच्या गिरणीतला पिळलेला पट्टा आठवा. ताण जरा कमी-जास्त झाला की तो निसटायचा, आणि पंखा थांबला की वाऱ्यावर जगणाऱ्या इंजिनाचं काय होणार ते उघड आहे. जाणते मालक डिकीत एक जादा पट्टा ठेवत. शिवाय इंजिनातून तेल झिरपायचं, आणि १९६१ पासून गाडीत ऊब यायची ती इंजिनावरून फिरून आलेल्या हवेची. म्हणजे थंडीत काचा लावून बसलं की नाकाला जळक्या तेलाचा वास. पण खोड्या म्हणून एवढ्यावर कोणी कोर्टात जात नाही.

खरी भानगड वळणावर होती.

गाडी वळते म्हणजे काय होतं बघा. गाडीचं वजन सरळ जायला बघतं आणि टायर त्याला धरून ठेवतात. टायर रबराचा, त्यामुळे वळणावर चाकाचं तोंड एका दिशेला असतं आणि गाडी जाते किंचित वेगळ्या दिशेला. या फरकाला घसट म्हणू. ज्या चाकांवर ओझं जास्त, त्यांची घसट जास्त. फाल्कनचं वजन पुढं, म्हणून वेगात वळताना आधी पुढची चाकं घसटतात. गाडीचं नाक बाहेर जातं. तुम्ही मागितलं त्याहून मोठं वळण गाडी घेते. टायर किंचाळतात, घाबरून तुमचा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून उठतो, वेग उतरतो आणि नाक परत रस्त्यावर येतं. म्हणजे घाबरलेला माणूस जे करतो तेच फाल्कनला हवं असतं.

कॉर्वेअरचं ६० टक्क्यांहून जास्त वजन मागच्या चाकांवर. तिचं आधी शेपूट बाहेर पडतं. तुम्ही मागितलं त्याहून गाडी जास्त वळते, जास्त वळली की शेपूट आणखी बाहेर, आणि वेळेत उलटं स्टीअरिंग मारलं नाही तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते. इथे पाय उचलला तर वजन पुढं झुकतं, मागचा भाग हलका होतो आणि उरलीसुरली पकडही जाते. भीतीने जे करावंसं वाटतं तेच इथे अंगाशी येतं.

एवढ्यावर भागलं असतं तर बीटलही तशीच होती, पोर्शेही तशीच होती. पण याच्यात मागच्या आसाची एक गोष्ट मिसळते. फाल्कनचा मागचा आस अखंड. कॉर्वेअरचे दोन अर्धे आस, प्रत्येक मधल्या गिअरच्या डब्यापाशी बिजागरीने जोडलेला, दाराच्या फळीसारखा वरखाली झुलणारा. एक चाक खड्ड्यात गेलं तर दुसऱ्याला पत्ता लागत नाही, म्हणून प्रवास मऊ. आता एक करून बघा. दोन्ही हात खांद्याच्या रेषेत आडवे पसरा, कोपर ताठ, आणि तळवे उभे करा, वाहतूक हवालदार ‘थांबा’ म्हणतो तसे, बोटं आकाशाकडे. तळवे म्हणजे चाकं, हात म्हणजे आस, तुम्ही म्हणजे गाडी. मनगट न हलवता हात वीतभर खाली आणा. तळव्याची खालची कड आत, तुमच्या पोटाकडे वळली ना? गाडीचा मागचा भाग वर उचलला गेला की चाकांचं नेमकं हेच होतं. चाक रस्त्यावर सपाट उभं न राहता कडेवर चालायला लागतं आणि पकड घटते.

आणि मागचा भाग उचलतो कोण? वळणच. बाहेरच्या चाकाला रस्ता आतल्या बाजूला ढकलतो, ते चाक बिजागरीखाली सरकायला बघतं, आणि जॅक लावल्यासारखी गाडी वर चढते. चढली की चाक आणखी आत. यावेळी चालकाने घाबरून पाय उचलला किंवा ब्रेक मारला, तर मागचा भाग आणखी वर. हे सगळं डोळ्यांची उघडझाप होईपर्यंत होऊन जातं, आणि त्याआधी गाडी इशारा असा फारसा देत नाही.

कोलच्या माणसांना हे माहीत नव्हतं असं समजू नका. त्यांनी यावर तोड काढली होती, आणि त्यांची तोड मला या सगळ्या कथेतली सगळ्यात विचित्र गोष्ट वाटते. त्यांनी टायरमधल्या हवेने गाडीचा तोल साधला. मागं २६ पौंड, पुढं फक्त १५. हवा कमी तर टायर लिबलिबीत, लिबलिबीत टायरची घसट जास्त. म्हणजे पुढचे टायर मुद्दाम कमजोर करून ठेवायचे, मग नाक आणि शेपूट यांची घसट जुळते. कागदावर हे अगदी बरोबर आहे.

आता पेट्रोल पंपावर या. हवा भरणारा पोरगा नळी हातात घेऊन विचारतो, ‘किती टाकू?’ आपण खिडकीतूनच म्हणतो, ‘टाक तीस-तीस.’ १९६० च्या अमेरिकेत पंपावर वेगळं काही चालत नव्हतं. पुढचा टायर १५ पौंडांवर बसका दिसतो, म्हणून कोणीतरी भल्या मनाने चारही चाकं सारखी करून देणार. पुढचे टायर कडक झाले की तोल गेलाच. मालकाला पुढं इंजिन असलेल्या गाड्यांची वीस वर्षांची सवय, बायको-मुलं गाडीत, आणि कधी काय बदललं ते त्याला माहीतही नाही. मालकपुस्तिकेत आकडे होते. पण गाडीचा जीव पुस्तिकेच्या भरवशावर ठेवायचा?

दुसरा उपाय होता. पुढच्या दोन चाकांना जोडणारी एक लोखंडी दांडी, जिच्यामुळे वळताना पुढचा भाग ताठ राहतो आणि आधी नाक जातं, शेपूट नाही. किंमत थोडकी. सुरुवातीला खर्च वाचवायला ती गाळली. १९६२ पासून जास्तीचे पैसे मोजणाऱ्याला मिळू लागली. १९६४ पासून सगळ्याच गाड्यांना, आणि सोबत मागं आडवा बसवलेला एक पाटा. १९६५ मध्ये तर मागची सगळी मांडणीच नवी आली, झुलता आस गेला, आणि जाणकार त्या कॉर्वेअरला आजही त्या काळातल्या उत्तम अमेरिकन गाड्यांत धरतात.

बाजारात मात्र निकाल पहिल्याच वर्षी लागला होता. १९६० सालच्या फाल्कन ४ लाख ३५ हजारांहून अधिक विकल्या गेल्या, कॉर्वेअर अडीच लाख. यानंतर दोन्ही कंपन्यांनी जे केलं ते वाचून हसू येतं. शेवरोलेने घाईघाईने १९६२ साठी ‘शेव्ही टू’ काढली. इंजिन पुढं, मागं अखंड आस आणि पाटे, थोडक्यात शेवरोलेचा शिक्का मारलेली फाल्कन. इकडे कॉर्वेअरच्या ‘मोंझा’ या नटव्या मॉडेलवर तरुण पोरं तुटून पडली. पुढं दोन वेगवेगळ्या खुर्च्या, जरा झोकदार रूप, एवढंच. हे फोर्ड विभागाचा प्रमुख झालेल्या ली आयाकोकाने टिपलं. त्याने फाल्कनचाच सांगाडा घेतला, त्यावर लांब नाक आणि आखूड शेपूट चढवलं, आणि १७ एप्रिल १९६४ ला मस्टँग बाजारात आणली. फाल्कनची हाडं आणि मोंझाचा नखरा! त्या मस्टँगला तोंड द्यायला शेवरोलेने १९६७ सालासाठी कॅमेरो काढली, आणि कॉर्वेअरला घरातच कोणी वाली उरला नाही.

राल्फ नेडर या तरुण वकिलाचं ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ (कुठल्याही वेगाला धोक्याची) हे पुस्तक आलं नोव्हेंबर १९६५ मध्ये. त्या पुस्तकाने कॉर्वेअर मारली असं सर्रास सांगतात. पुस्तकातलं पहिलंच प्रकरण कॉर्वेअरवर आहे हे खरं, बाकीची मात्र सगळ्या कारखानदारीवर आहेत. छातीत घुसणारे स्टीअरिंगचे दांडे, कपाळावर आपटणारे चकचकीत डॅशबोर्ड, असं बरंच काही. ज्या झुलत्या आसावर त्याने झोड उठवली तो तोवर बंदही झाला होता. पुस्तकाने जे केलं नाही ते जनरल मोटर्सने स्वतः केलं. तिने नेडरच्या मागे खाजगी गुप्तहेर लावले. हे फुटलं, आणि मार्च १९६६ मध्ये कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या उपसमितीपुढे माफी मागावी लागली. त्याच वर्षी अमेरिकेत मोटारींच्या सुरक्षेचा पहिला देशव्यापी कायदा झाला. नेडरने कंपनीवर दावा लावून पुढे सव्वाचार लाख डॉलर पदरात पाडले, तो भाग वेगळा.

१९६६ मध्ये कॉर्वेअरचा खप निम्म्याहून खाली, लाखाच्या आसपास आला. मे १९६९ मध्ये शेवटची गाडी मिशिगनमधल्या विलो रनच्या कारखान्यातून निघाली. त्या आवाराची एक गंमत आहे. ते मुळात फोर्डनेच उभारलं होतं, दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानं बनवायला.

मग १९७२ मध्ये सरकारच्याच रस्ता सुरक्षा खात्याचा अहवाल आला. जुन्या कॉर्वेअरची चाचणी घेतली होती, आणि तुलनेला होत्या बीटल, व्हॅलियंट आणि हो, आपली फाल्कनसुद्धा. निष्कर्ष असा की ही गाडी त्या काळातल्या इतर गाड्यांपेक्षा जास्त उलटणारी नव्हती. कॉर्वेअरचे चाहते हा अहवाल आजही ताम्रपटासारखा मिरवतात. मला वाटतं, अहवालही खरा आणि तक्रारही खरी. चाचणी घेणाऱ्या चालकाला आता शेपूट बाहेर पडणार हे माहीत असतं, तो त्याचसाठी तिथे बसलेला असतो. पावसात मुलांना घेऊन घरी निघालेल्या माणसाला ते माहीत नसतं.

फाल्कनही काही संत नव्हती. तिची पेट्रोलची टाकी अशी बसवली होती की टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीचा तळ. मागून जोराची धडक बसली तर पेट्रोल आणि माणसं यांच्या मध्ये फारसं काही नाही. हीच टाकी पुढे मस्टँगमध्येही गेली. स्टीअरिंगचा दांडाही तसाच ताठ. त्यावर कोणी पहिलं प्रकरण लिहिलं नाही, कारण त्या काळी बहुतेक गाड्यांचं थोड्याफार फरकाने हेच होतं.

अमेरिकेत फाल्कन १९७० ला संपली, पण नावाला आयुष्य मोठं लाभलं. अर्जेंटिनात ती १९९१ पर्यंत बनत राहिली. तिथे १९७६ नंतरच्या लष्करी राजवटीत विनानंबरची हिरवी फाल्कन दाराशी थांबली की घरातला माणूस पुन्हा दिसत नसे, म्हणून तिथल्या लोकांच्या मनात या साध्यासुध्या गाडीचं चित्र फार वेगळं आहे. ऑस्ट्रेलियात शेवटची फाल्कन ऑक्टोबर २०१६ मध्ये निघाली, अर्थात तोवर नावाखेरीज जुनं काही उरलं नव्हतं.

मागे मिशिगनला भाचीकडे गेलो होतो तेव्हा रविवारी सकाळी एका मोठ्या पार्किंगमध्ये जुन्या गाड्यांचा मेळा भरला होता. कडेला १९६२ ची पांढरी मोंझा उभी. मालक सत्तरीचे गृहस्थ. मी बराच वेळ घुटमळतोय बघून त्यांनी पुढची डिकी उघडून दाखवली. आत घडी केलेली सतरंजी, तिच्यावर वर्तमानपत्रात गुंडाळलेला जादा पट्टा आणि त्याच्या शेजारी चामड्याच्या पिशवीत हवा मोजायचा गेज. मी विचारलं, टायरमध्ये हवा किती ठेवता? ते एकदम खूश झाले. ओणवे होऊन त्यांनी पुढच्या चाकाला गेज लावला आणि काटा मला दाखवला. पंधराच्या किंचित वर. ‘सकाळी येताना रस्ता तापलाय,’ म्हणाले, आणि गेज पुन्हा पिशवीत घालून बंद घट्ट ओढला.